मशीन काढून कोर्टवर: ठाणे-नवी मुंबईत डेफ बास्केटबॉल सुरू करायचं असेल तर

मी ऐरोलीची. दोन्ही कानांनी लहानपणापासून कमी ऐकू येतं, पाच वर्षांची असल्यापासून कानाचं मशीन लावते, शिकले साध्या मराठी शाळेत, पहिल्या बाकावर बसून बाईंचे ओठ वाचत. बास्केटबॉलचं वेड कॉलेजात लागलं. डेफ खेळाडूंच्या वेगळ्या टीम असतात, त्यांची स्वतःची ऑलिम्पिकसारखी स्पर्धा असते, हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं, आणि कळल्यावर पुढची दोन वर्षं चुकीच्या खिडक्यांवर उभं राहण्यात आणि कागद उलट्या क्रमाने गोळा करण्यात गेली. तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय. तुम्ही स्वतः खेळणार असाल किंवा तुमच्या मुलामुलीसाठी वाचत असाल, दोघांना चालेल.

आधी एक गोंधळ दूर करते, कारण माझ्या घरीही तो होता. डेफ खेळाडू पॅरालिम्पिकमध्ये डेफ म्हणून खेळत नाहीत, तिथे तो गटच नाही. आपली स्पर्धा डेफलिम्पिक्स, १९२४ साली पॅरिसला सुरू झालेली, म्हणजे पॅरालिम्पिकच्या कितीतरी आधीची. बास्केटबॉल तिथे १९४९ पासून आहे. २०२२ ला ब्राझीलमध्ये भारताने १६ मेडल जिंकली, त्यातली ८ गोल्ड, आणि नोव्हेंबर २०२५ ची स्पर्धा टोकियोला झाली. नियम तेच, कोर्ट तेच २८ बाय १५ मीटर, रिंग तीच ३.०५ मीटरवर. बदलतं एवढंच की कोणालाही मशीन लावून खेळता येत नाही, आणि त्या एका गोष्टीने बाकी सगळं बदलतं.

१. ऑडिओग्राम काढा, आणि तो वाचायला शिका

सगळ्यात पहिला कागद हा, कोणत्या कानाला किती ऐकू येतं ते दाखवणारा ग्राफ. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की ज्या कानाने जास्त चांगलं ऐकू येतं त्या कानाचा लॉस, म्हणजे ऐकण्यातली घट, किमान ५५ डेसिबल पाहिजे, आणि तो ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या तीन आकड्यांची सरासरी काढून ठरतो. माझ्या चांगल्या कानाचे आकडे ५५, ६५ आणि ७५ होते, बेरीज १९५, भागिले तीन म्हणजे ६५. म्हणजे बसते. पण एक मुलगी आमच्याकडे आली होती, एका कानाने अजिबात ऐकू येत नव्हतं, दुसऱ्याचं ४० होतं, ती बसली नाही. खूप वाईट वाटलं तिला. म्हणून मुलांना आशा लावायच्या आधी ही बेरीज घरीच करून बघा.

टेस्ट कुठे करायची? बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, १९८३ पासूनची, तिथे कामाला तोड नाही पण दिवस मोडतो हे धरून जा. जवळच्या ईएनटीकडे किंवा ऑडिओलॉजिस्टकडेही होते, फक्त जाताना सांगा की स्पोर्ट्ससाठी पाहिजे, एअर कंडक्शन, बोन कंडक्शन आणि टिम्पॅनोमेट्री तिन्ही करा, आणि सही-शिक्का-तारीख स्पष्ट द्या. मी पहिल्यांदा एका प्रायव्हेट सेंटरमध्ये केली तेव्हा त्यांनी फक्त एअर कंडक्शनचा ग्राफ हातात ठेवला, तो पुढे चालला नाही, पैसे परत भरून सगळं पुन्हा करावं लागलं.

सर्दी असेल तर टेस्टला जाऊ नका, कान बंद असले की आकडे खोटे येतात. आणि ढोल-ताशाच्या दुसऱ्या दिवशीही नको.

२. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दुसरंच प्रकरण

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. लोक इथे फसतात. ऑडिओग्राम आहे म्हणजे सर्टिफिकेट आहे असं नसतं आणि सर्टिफिकेट आहे म्हणजे स्पर्धेत बसता असंही नसतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात दोन्ही कानांना ७० डेसिबल लॉस म्हणजे डेफ आणि ६० ते ७० म्हणजे हार्ड ऑफ हिअरिंग, आणि खेळाची रेषा ५५ वर. म्हणजे ज्याची सरासरी ५७ आहे तो आंतरराष्ट्रीय नियमाने खेळू शकतो पण कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, आणि काही आयोजक यूडीआयडी मागतातच, तेव्हा फॉर्म भरायच्या आधी विचारून घ्या की तुम्हाला नक्की कुठला कागद चालतो.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाईन भरायचा, हॉस्पिटल निवडायचं, ठाण्याला सिव्हिल, नवी मुंबईला वाशीचं महापालिकेचं. तपासणीला बोलावलं की ओरिजनल कागद घेऊन जायचं. कार्ड पांढरं आलं तर ४० टक्क्यांच्या खाली, पिवळं म्हणजे ४० ते ८०, निळं म्हणजे ८० किंवा वर. तिथे नाव पुकारतात, हे लक्षात ठेवा, डेफ लोकांची तपासणी असते तरी नावं तोंडानेच पुकारतात. मी आईला सोबत नेलं नव्हतं आणि माझा नंबर गेला. खिडकीवर आधीच चिठ्ठी लिहून द्या की मला ऐकू येत नाही, नंबर आला की हात करा.

नावाचं स्पेलिंग आधार, यूडीआयडी आणि ऑडिओग्रामवर अगदी एकसारखं पाहिजे. वडिलांचं नाव एकावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं अक्षर, एवढ्यावरून कागद परत येतात.

३. बॉलच्या आधी साईन शिका

साईन म्हणजे डेफ लोकांची हातांची भाषा. ती आधी शिक हे मला कोणी सांगितलं नाही आणि ही माझी सगळ्यात मोठी चूक. मला वाटलं खेळ येतो तर झालं. पहिल्या रविवारी कोर्टवर गेले, बारा जणी हातांनी भराभर बोलतायत, हसतायत, आणि मी जन्मापासून कमी ऐकू येणारी मुलगी तिथे परकी. हिअरिंग, म्हणजे ऐकू येणाऱ्या लोकांत मी बहिरी होते आणि डेफ लोकांत मी हिअरिंगसारखी. ते दोन-तीन महिने कठीण गेले. पण त्यांनी मला हाकललं नाही, एका ताईने रोज पंधरा मिनिटं माझ्यासाठी हळू साईन केलं, तिचे उपकार मी विसरणार नाही.

यूट्यूबवर शिकताना एक सापळा आहे. अमेरिकन साईन लँग्वेजचे व्हिडिओ जास्त दिसतात, त्यांची एबीसीडी एका हाताने, आपल्या इंडियन साईन लँग्वेजची दोन हातांनी. मी तीन आठवडे चुकीची एबीसीडी पाठ करून गेले होते. दिल्लीला आयएसएलआरटीसी नावाची सरकारी संस्था आहे, त्यांची १०,००० शब्दांची डिक्शनरी फुकट बघायला मिळते, तिथून सुरू करा. पण शब्द पाठ करून भाषा येत नाही, वाक्याची रचना वेगळी असते, प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, 'तू कुठे राहतेस' हे 'तू राहणे कुठे' असं, आणि भुवया, डोळे, खांदे हे सगळं व्याकरण आहे. चेहरा कोरा ठेवून साईन केलं तर समोरच्याला ते सपाट आवाजात बडबडल्यासारखं वाटतं.

त्यामुळेच व्हॉट्सअपवर डेफ मैत्रिणीचा मेसेज 'उद्या प्रॅक्टिस कोर्ट ७ ये मी' असा आला तर तिला मराठी येत नाही म्हणून हसू नका. ती तिच्या भाषेच्या क्रमाने लिहितेय. बऱ्याच डेफ मुलांना घरात कोणीच साईन करत नाही, मराठी ऐकू येत नाही, म्हणजे पहिली भाषाच त्यांना शाळेत जाऊन मित्रांकडून मिळते. समजलं नाही तर व्हिडिओ कॉल करा, तेच सगळ्यांना आवडतं.

वागण्याच्या दोन-चार गोष्टी. बोलवायचं असेल तर खांद्यावर हलकी थाप, लांब असेल तर हात हलवा. दोघं साईन करत असतील तर मधून जायला हरकत नाही, पटकन जा, वाकून माफी मागत उभं राहिलात तर उलट त्यांचं बोलणं तुटतं. टाळ्या म्हणजे दोन्ही हात वर करून हलवायचे. कोणी तोंडावर 'जाड झालीस' म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका, दिसतं ते सरळ सांगायची पद्धत आहे. आणि मूक, मुके असं कोणाला म्हणू नका, आमच्यात बहुतेकांना तो शब्द टोचतो, 'डेफ' म्हणा.

साईन नेम, म्हणजे आपल्या नावाची खूण, स्वतः ठेवायचं नसतं, ते मिळतं. माझं चौथ्या महिन्यात मिळालं, कानामागे बोट नेऊन मशीन काढायची खूण, कारण मी कोर्टवर आले की पहिलं तेच करते.

४. माणसं कुठे भेटतात

क्लबचा पत्ता शोधत बसू नका, स्टेशनवर बघा. मुंबईच्या लोकलमधला दिव्यांगांचा डबा ही डेफ लोकांची गप्पांची जागा आहे, ठरवून एकच ट्रेन पकडतात, एका स्टेशनवर उतरून पुढच्या मित्राची वाट बघतात. ठाण्याला ट्रान्सहार्बरच्या प्लॅटफॉर्मवर, ९-१० नंबरला, संध्याकाळी हात चालताना दिसतील. जाऊन 'मी डेफ' एवढी साईन करा, बाकी आपोआप होतं.

दुसरा रस्ता म्हणजे डेफ शाळांचे माजी विद्यार्थी. ठाण्यात जव्हेरी ठाणावाला कर्णबधिर विद्यालय आहे, वाशीला महापालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, मुंबईत माझगावला तर १८८५ पासूनची शाळा. तिथल्या शिक्षकांना विचारा की खेळणारी मुलं कोण. खेळात क्रिकेट आणि ऍथलेटिक्सवाले जास्त भेटतील, बास्केटबॉलवाले कमी, तरी त्यांनाच विचारा, प्रत्येकाला प्रत्येक जण माहीत असतो.

दिव्यांग डब्याबद्दल एक सांगते. रेल्वेच्या भाड्याच्या सवलतीची व्याख्या पूर्ण बहिरे आणि मुके, दोन्ही एकत्र, अशी आहे. मी बोलते म्हणून मी त्यात येत नाही, म्हणून मैत्रिणी त्या डब्यात आणि मी लेडीजमध्ये. आणि ज्यांच्याकडे पास आहे त्यांनाही लोक उठवतात, कारण बहिरेपण दिसत नाही. कार्ड गळ्यात ठेवा, बॅगेत खाली नको.

५. कोर्ट बघताना आधी उजेड बघा

सिमेंट चांगलं आहे का, रिंगला जाळी आहे का, हे नंतर. आधी संध्याकाळी सात वाजता जाऊन उभे राहा आणि समोरच्याचे हात दिसतात का बघा. हिअरिंग टीम अंधारात ओरडून खेळू शकते, आपण नाही. उजेड गेला की आपली भाषाच जाते. आम्ही एका सोसायटीच्या कोर्टवर सहा महिने खेळलो, एकच लाईट, तोही एका टोकाला, दुसऱ्या रिंगखाली गेलं की सगळ्या काळ्या सावल्या. तिथे दोघींची डोकी आपटली.

दुसरं कारण तोल. तोल सांभाळायचा अवयवही आतल्या कानातच असतो, त्यामुळे काही डेफ मुलांचा तोल जरा कच्चा असतो आणि ती डोळ्यांवर जास्त अवलंबून असतात, म्हणून कमी उजेडात तीच मुलं अडखळतात. एका पायावर उभं राहायचा सराव आधी डोळे उघडून, मग मिटून, भिंतीजवळ, रोज पाच मिनिटं करा.

सकाळी साडेसहाचा स्लॉट मागा, तो सहज मिळतो. सूर्य कोणाच्या पाठीमागे येतो तेही बघा, साईन करणाऱ्याच्या मागे ऊन असेल तर चेहरा दिसत नाही. पावसाळ्यात उघड्या कोर्टवर शेवाळ धरतं, जून ते सप्टेंबर शाळेचा हॉल बघा. लाकडी फ्लोअर मिळाला तर सोन्याहून पिवळं, पाय आपटला की सगळ्यांना कंप जाणवतो, सिमेंटवर ते होत नाही.

६. मशीन काढून खेळायची सवय

जी मुलं मशीन लावून वाढलीत त्यांना हे जड जातं. पहिल्या मॅचला मी मशीन काढलं आणि मला वाटलं मला कोणी पाण्याखाली टाकलं. मागून धावणाऱ्या पायांचा आवाज, त्यावर मी किती खेळत होते हे तेव्हा कळलं. शिट्टी वाजली, सगळ्या थांबल्या, मी एकटीच बॉल घेऊन गेले आणि बास्केट केली. वळून बघितलं तर सगळ्या उभ्या. त्या दिवशी घरी जाऊन रडले.

एकदम मॅच खेळू नका. पहिला आठवडा मशीन काढून एकटीने नुसतं शूटिंग, दुसऱ्या आठवड्यात दोन-दोन, मग पूर्ण. आणि हा एक सराव रोज करा: पास घेणाऱ्याच्या मागे एक जण उभी राहून बोटं दाखवते, पास यायच्या आधी मागे नजर टाकायची, बॉल पकडायचा आणि किती बोटं होती ते दाखवायचं. महिन्याभरात मान आपोआप फिरायला लागते. डिफेन्समध्ये स्क्रीन आली, म्हणजे समोरच्या टीमची कोणी आपली वाट अडवून उभी राहिली, की हिअरिंग टीम ओरडते, आपण एक हात मागे पसरून ठेवायचा, हाताला अंग लागलं की कळतं.

मशीन शॉर्ट्सच्या खिशात ठेवू नका. डबी, आत सिलिका जेल, बॅटरी काढून वेगळी, आणि डबी एकाच ठरलेल्या माणसाकडे. ठाण्या-नवी मुंबईच्या दमट हवेत आणि घामात मशीन लवकर बिघडतं, दुरुस्तीला किती जातात ते वापरणाऱ्यांना माहीत आहे. कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर बाहेरचा प्रोसेसर काढावाच लागतो, पण आतला भाग डोक्यातच असतो, म्हणून ज्या सर्जनने ऑपरेशन केलं त्यांचा लेखी सल्ला घेतल्याशिवाय कोर्टवर उतरू नका. यात घाई नको.

७. टीमच्या खुणा

दोन गोष्टी. एक, ड्रिबल करताना एक हात अडकलेला असतो आणि आपली भाषा बरीचशी दोन हातांची, म्हणून कोर्टच्या सगळ्या खुणा एका हाताच्या ठरवा. मूठ म्हणजे एक प्ले, दोन बोटं म्हणजे दुसरा, डोक्याला हात म्हणजे हळू. आठच्या वर नको, दमल्यावर आठवत नाहीत. दुसरं, डेफ टीमशी खेळताना समोरच्यांना तुमचं सगळं समजतं! टाइम-आऊटमध्ये पाठी बाहेर करून गोल करा. अमेरिकेत गॅलॉडेट या डेफ कॉलेजची फुटबॉल टीम १८९० च्या दशकात साईन लपवायला गोल करून उभी राहायची, तिथूनच हडल आलं असं सांगतात.

कोणी पडलं तर: जिला दिसेल तिने दोन्ही हात वर करायचे, तिला बघून पुढचीने, असं सगळ्यांचे हात वर गेले की खेळ थांबला. हे पहिल्या दिवशीच ठरवा, नाहीतर पडलेलीच्या अंगावर बॉल येत राहतो.

८. कोच आणि रेफ्रीला काय सांगायचं

कोच हिअरिंग असतील तर त्यांना हे एक वाक्य सांगा: बघणं आणि करणं एकाच वेळी होत नाही. ते बाजूने सूचना देत राहतात, मुली धावत असतात, कोणी बघत नाही, मग कोच चिडतात की लक्ष नाही. खेळ थांबवा, सगळ्यांना समोर घ्या, बोर्डवर काढा, एकदा करून दाखवा, मग बॉल द्या. तोंडाला मास्क नको, च्युइंगम नको, पाठ फिरवून बोलणं नको.

रेफ्रीला मॅचच्या आधी कॅप्टनने जाऊन भेटायचं, दोन्ही रेफ्रींना, आणि स्कोअर टेबललाही. शिट्टीनंतर आम्ही खेळत राहिलो तर ते मुद्दाम नाही, हात वर करून दोन सेकंद थांबा, एवढी विनंती. रेफ्रीच्या खुणा तर आपल्यासाठी वरदान आहेत, मूठ वर म्हणजे फाऊल, उघडा पंजा म्हणजे व्हायोलेशन, फाऊल सोडून बाकी नियम मोडणं, त्या पाठ करा. मोठ्या हॉलमध्ये वेळ संपली की रिंगमागच्या बोर्डाभोवती लाल लाईट लागतो, लोकल स्पर्धेत नुसता भोंगा असतो, म्हणून टेबलवरच्या माणसाला एक लाल झेंडा किंवा टॉवेल हातात द्या. आपलाच घेऊन जा.

९. स्पर्धेचे कागद

एका फाईलमध्ये ठेवा, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स:
ऑडिओग्राम, यूडीआयडी, आधार, जन्माचा दाखला, शाळा-कॉलेजचं बोनाफाईड, डॉक्टरचं फिटनेस, पासपोर्ट फोटो आठ, १८ च्या आत असाल तर पालकांचं संमतीपत्र. पुढे जायचं मनात असेल तर पासपोर्ट आजच काढायला टाका.

देशपातळीवर ऑल इंडिया स्पोर्ट्स कौन्सिल ऑफ द डेफ आहे आणि राज्या-राज्यांच्या संघटना, खेळाडूचं नाव तिथूनच पुढे जातं, एकट्याने वर अर्ज पाठवून होत नाही. कोणी 'सिलेक्शन करून देतो, किटचे पैसे आधी द्या' म्हटलं तर लेटरहेडवर पत्र आणि पावती मागा, नाही दिली तर विषय संपला. डेफ मुलांना असे लोक मुद्दाम गाठतात, कारण फोन करून खात्री करणं आम्हाला कठीण. सर्दीचं औषध स्वतःच्या मनाने घेऊ नका, काहींमध्ये डोपिंगला अडकणारे घटक असतात.

१०. दहा जण जमत नसतील तर

जमत नाहीतच सुरुवातीला. मग थ्री-बाय-थ्री खेळा. अर्धं कोर्ट, एक रिंग, टीममध्ये तीन आणि एक बदली, दहा मिनिटं किंवा २१ पॉईंट, १२ सेकंदांत शॉट. अर्ध्या कोर्टात सगळ्या कायम नजरेसमोर असतात, त्यामुळे नवीन डेफ मुलीला हे पूर्ण मॅचपेक्षा सोपं जातं. हिअरिंग मुलींना विरुद्ध टीम म्हणून बोलवा, त्या येतात, आणि दोन-तीन रविवारांत खुणाही शिकतात.

थ्री-बाय-थ्री सुरू केलं तेव्हा आम्ही तिघीच होतो. चौथी मला घणसोलीला ट्रेनमध्ये दिसली, खिडकीशी बसून फोनवर कोणाशी तरी एका हाताने साईन करत होती, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. मी उठून तिच्या समोरच्या सीटवर बसले, तिचा कॉल संपेपर्यंत थांबले, मग बॅगेतून बॉल काढून मांडीवर ठेवला. कोपरखैरणे यायच्या आत रविवारची वेळ ठरली होती.